खटक्याचा चाकू

तवशाचं, त्या मोठ्या गावठी काकडीचं, देठाकडचं टोक कडू निघालं. ते टोचून काढायला महिपतने चाकूचं टोक आत घुसवलं आणि चाकू मिटला. झालं ते एवढंच. राही मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. तिने पाहिलं काहीच नाही, पण त्याआधी चाकू उघडल्याचा आवाज मात्र ऐकला होता. खटका धड बसला की तो 'टक' असा कोरडा वाजतो, हे या घरात आल्यापासून तिच्या कानांना ठाऊक होतं. मघाशी तो 'टप' वाजला होता, ओल्या फळकुटावर बोट आपटावं तसा. हाक मारून सांगावं असं तिच्या मनात आलंही. पण श्रावणातली दुपार, सुपातला तांदूळ, आणि नवऱ्याला दर वेळी काय शिकवायचं, असा विचार करण्यात जो क्षण गेला त्या क्षणातच काम झालं. ती धावत ओटीवर आली तेव्हा महिपत आपल्या एकुलत्या एक हाताचं पहिलं बोट तोंडात घालून बसला होता. डावी बाही मनगटापाशी नेहमीसारखी आत दुमडलेली होती, आणि तवशाच्या पांढऱ्या फोडीवरून रक्ताचा ओघळ पाटावर उतरत होता. "काय नाय गो," बोट न काढताच तो म्हणाला. "तवसं कडू व्हतं, जरा तिखट लावलंय." राहीने हळद आणली, चिंधी आणली, बोट घट्ट बांधलं. महिपतने मात्र ती फोड तांब्यातल्या पाण्याने धुतली आणि खाऊन टाकली. असला माणूस.

तो चाकू कोचीनच्या बंदरात एका विलायती खलाशाकडून त्याने घेतलेला होता. काळ्या शिंगाची मूठ, पाठीवर पोलादाची पट्टी, आणि पातं पुरतं उघडलं की पट्टीचा दात पात्याच्या बुडातल्या खाचेत जाऊन बसायचा. दात बसला की पट्टी दाबल्याशिवाय पातं मिटायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तो दिवसातून दहादा ते उघडून मिटून तिला दाखवी, आणि ती दर वेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखं कौतुक करी. तेव्हा तिला चाकूचं कौतुक नव्हतं, दाखवणाऱ्या हातांचं होतं. दोन हात होते तेव्हा. पुढे जयगडच्या खाडीच्या तोंडाशी, मोसमाच्या अखेरीस, शीड उतरवताना दोराचा वेढा त्याच्या डाव्या मनगटाला पडला. त्याने उजव्या हाताने कमरेचा चाकू ओढला, दातांनी उघडला, रुतलेल्या दोराखाली पात्याचं टोक घुसवायला गेला आणि खटका सुटला. पातं मिटलं. दुसऱ्यांदा उघडेपर्यंत पडावाने, त्यांच्या शिडाच्या गलबताने, एक हेलकावा खाल्ला होता आणि आवळलेल्या दोराने पंजा नेला होता. राही तिथे नव्हती. पण ज्याने भोगलं त्याच्यापेक्षा तिनेच ते जास्त वेळा पाहिलं होतं: चुलीपुढे, विहिरीवर, भाट्याच्या खाडीवरून वारा वळला की. त्याला घरी आणलं तेव्हा तो तापाने फणफणलेला होता. दारातून आत येताना त्याने पहिला शब्द काढला तो, "राही, मागचं दार लाव, वारा फिरलाय, दिवा जाईल." ती दार लावायला गेली आणि दारालाच टेकून रडली. हात हरवून आलेला माणूस घरातल्या दिव्याची काळजी करतो, याला काय म्हणावं ते तिला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलेलं नव्हतं.

पण एक गोष्ट तिला कळली होती, ती तिने कुणालाच सांगितलेली नव्हती. महिपतचा हात गेला आणि तिला नवरा मिळाला. त्याआधी नारळी पौर्णिमेला जो नारळ दर्यात पडे, त्याच्या मागोमाग हाही जाई, तो पावसाळ्याची आगोट लागेपर्यंत. मंगळूरची कौलं, मुंबईचा माल, मधे कधीतरी जवळच्या मांडवीला नांगर पडला तर घरी एखादी रात्र. सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा ती वाऱ्याशी बोलत काढी. आता तो ओटीवर असे. जाळी दुरुस्त करून देई, पायाच्या अंगठ्यात दोरा धरून, एका हाताने, अशी की दोन हातांच्या माणसांनी पाहत राहावं. रात्री वारा उठला तर तिला कूस बदलून झोप लागे. हे सुख कुठल्या वाटेने घरात आलं ते आठवलं की ती स्वतःलाच टरकून असे. पण सुख ते सुखच. परत करावं असं तिला कधी वाटलं नव्हतं. म्हणून परवा रावजी नाखवा ओटीवर येऊन बसला आणि पान जुळवता जुळवता म्हणाला, "महिपत, माजा सुकाणूवाला आगबोटीवर गेला. तू चल," तेव्हा आत चहाचं पाणी उकळून आटलं तरी राहीला भान राहिलं नाही. "एका हातानं?" महिपतने विचारलं होतं. रावजी हसला. "सुकाणूला एक हात आनि एक छाती पुरे. बाकी डोस्कं लागतं, ता दोन हातवाल्यांत खंय मिळतंय?" महिपतने कमरेचा चाकू काढला आणि मुठीवरून अंगठा फिरवत राहिला. तेवढ्यावरून राहीला उत्तर कळलं. गेले कित्येक महिने तो असा सरळ बसला नव्हता.

आता बोटाला चिंधी बांधून होताच त्याने तोच चाकू समोर पाटावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिला. राहीला वाटलं, आता संपलं. आता तरी याला पटेल. "नाखवांना सांगा," ती म्हणाली, "चाकू नसला तरी चालंल म्हणावं. नायतर सरळ पात्याची सुरी घ्या, म्यानातली. सगळी तीच बाळगतात." ती हे म्हणाली खरी, पण आपण का म्हणतोय ते तिचं तिलाच कळत होतं: बोलणं सुरीवर गेलं की जाण्यावरून उडेल. महिपतने मान हलवली. "नव्या सुरीची खोड मला म्हायीत नाय. ती कळायला दुसरा हात द्यावा लागंल. हिची खोड म्हायीत हाय." मग तिच्याकडे न पाहता तो म्हणाला, "खटका धड झाला तर जाईन. नाय झाला तर नाय जात. हात एकच उरलाय, तो मी उगाच नाय घालवायचा." म्हणजे सगळं या काळ्या मुठीवर येऊन ठेपलं. आणि पुढचं वाक्य त्याने इतक्या साध्या आवाजात टाकलं, की ते तिच्या अंगावर पडायला वेळ लागला. "माजं बोट बांधलंय. कानस मला धरवायची नाय. तू धर."

तिने नाही म्हणायला हवं होतं. पण तो कामाला लागलाही होता, आणि तो कामाला लागला की राहीला नेहमी पाहत राहावंसं वाटे. तो उकिडवा बसला, चाकूची मूठ दोन्ही तळपायांत अशी धरली की सांडशीने धरावी, आणि मान खाली घालून मुठीच्या कडेची खिळी निरखू लागला. पातं त्या खिळीवर फिरायचं. त्याने अंगठ्याने पातं डावी-उजवीकडे हलवलं. "झिजलीय. पातं लडबडतंय." लहान खिळा त्याने तिला त्या खिळीवर टेकवून धरायला लावला आणि हातोडी स्वतः मारली, चिंधीतल्या बोटाला धक्का लागणार नाही अशी, तीन बोटांत पेलून. दोन-चार ठोक्यांत जुनी खिळी पलीकडे निघून पडली. नवी कुठून आणायची, असं ती मनात म्हणते आहे तोवर तो उठून आत गेला आणि त्याची जहाजावरची पेटी घेऊन आला. तिच्या झाकणाच्या बिजागरीत पितळी सळई होती. ती त्याने ओढून काढली. झाकण एका बाजूला लोंबलं. "पेटीचं मोडलं की वो," राही म्हणाली. "पेटी दोरानंही बांधता येती," तो म्हणाला. ते ऐकून तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. माणूस आपल्याला सोडून जायची तयारी करतोय, आणि आपण त्याच्या हुशारीवर खूश होतोय.

पातं सुटं झालं तेव्हा महिपतने त्याचं बूड उजेडाकडे धरलं. राहीने वाकून पाहिलं. दात बसायची ती खाच तळाशी भरून आलेली होती, तपकिरी, चकचकीत, फणसाचा चीक वाळावा तशा थराने. पट्टीच्या दातावरही तोच थर. महिपतने ते नखाने खरवडलं, नाकाशी नेलं. मग तिच्याकडे धरलं. वास घ्यायची गरजच नव्हती. मूस माशाच्या काळजाचं तेल. पडावाच्या लाकडाला खारं पाणी खाऊ नये म्हणून ते लावतात, आणि दर्यावर वाढलेल्या माणसाला वाटतं की लाकडाला जे चांगलं ते लोखंडालाही. महिपत हा चाकू कोचीनहून घेतल्यापासून त्याच तेलाने माखत आला होता. आठवड्याच्या आठवड्याला, देवाला माखावं तसा. लाकडावर ते तेल वाळून कवच धरतं, म्हणूनच ते चांगलं. ते इथेही वाळलं होतं, कवच धरलं होतं, खाचेत थर चढत गेला होता, आणि दात वरच्यावर टेकून राहत होता. आणि ते तेल काढून कोण देई? मूस आली की काळीज मागून आणणारी, परसात मडक्यात कढवणारी, दुर्गंधीने शेजारणीच्या शिव्या खाणारी राहीच. आपल्याच हातचं तेल. जयगडच्या तोंडाशी त्या हेलकाव्यात तेही होतं. तिला वाटलं, आता हा माझ्याकडे पाहील आणि मी कुठे पाहू? पण महिपत पात्याकडेच पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं ते तिला सांगता आलं नसतं. शेवटी तो हळूच म्हणाला, "म्हंजे चाकू चांगला हाय." तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "इतके म्हयने मी ह्याला शिव्या घातल्या. त्या विलायती गड्यालाही. म्हटलं, फसवून गेला मेला. त्यानं चांगलाच दिला व्हता गो." आणि त्याच्या आवाजात चक्क समाधान होतं, हरवलेला जुना मित्र बेइमान नव्हता असं कळल्यावर वाटावं तसं. हाताचं नावही त्याने काढलं नाही. राही त्या क्षणी त्याच्यावर लग्नातल्यापेक्षा जास्त भाळली, आणि त्याच क्षणी तिने ठरवलं की हा माणूस आपण दर्याला द्यायचा नाही.

करवंटीत रॉकेल ओतून सगळे भाग त्यात भिजत घातले. मग फडक्याने पुसले, आणि राहीने तिकोनी कानस हातात घेतली. महिपतने पातं पायांत धरलं. खाचेची एक कड दात घसरून घसरून गोल झाली होती, ती सरळ करायची होती. "जोर लावू नको. कानस फुडं जाताना चावू दे, मागं येताना उचल." तो डोळे मिटून ऐकत बसला होता. कानशीचा आवाज जरा तिरका झाला की त्याच्या कपाळावर आठी येई. "हां. आता सरळ. आता खरं वाजतंय." आजवर कुणी आपल्याला इतकं लक्ष देऊन ऐकलं नाही, असं तिला वाटलं. तिचे हात भाकरीचे, वरवंट्याचे, सुक्या माशांचे. पण पोलादाचा बारीक चुरा खाली पडू लागला तसं तिला ते काम आवडू लागलं. कड उभी राहत होती. तिच्या हातून उभी राहत होती. आणि तेव्हाच तिला तो कोपरा दिसला. खाचेच्या अगदी तळाशी, आतल्या बाजूला, तेलाच्या थराचा एक कण रॉकेलमध्येही विरघळला नव्हता. तांदळाच्या कणीएवढाही नाही. सुईने टोचला असता तर निघाला असता. महिपतचे डोळे मिटलेले होते. राहीने कानस खाली ठेवली. "झालं," ती म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखाच आला याची तिला भीती वाटली. ती स्वतःशी हिशेब मांडत होती: खटका बसेल, पण पुरता नाही. तो आता पाहील, पातं हलेल, म्हणेल, जमलं नाय. आणि जायचं नाही. खोटं तरी काय बोलले मी? काम झालं असंच म्हटलं. कुणाचा जीव तर जात नाही. उलट एक जीव राहतो. तरीही तिच्या कानात रक्त वाजत होतं, आणि बाहेर माडांवरून पाणी निथळत होतं त्याचा प्रत्येक थेंब तिला वेगळा ऐकू येत होता.

पातं मुठीत घातलं, पितळी सळईचा तुकडा भोकांतून ओवला, पाट्यावर धरून दोन्ही टोकं ठोकून पसरवली. आता पातं लडबडत नव्हतं. महिपतने चाकू दातांनी उघडला. खटका बसला. आवाज आला. राहीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. "बरा झाला," तो म्हणाला आणि चाकू तिच्या हातात दिला. "आता तपासायचा." पडावावर रिवाज असा, की नवी गाठ ज्याने मारली त्याने आधी तिच्यावर लोंबकळायचं, मग दुसऱ्यांनी तिच्या भरवशावर वर चढायचं. हे त्याने तिला किती वेळा सांगितलं होतं. म्हणून तिला वाटलं, आता हा म्हणणार, तू बोट घाल. ती त्याला तयार होती. मिटणाऱ्या पात्याने तिचं बोट कापलं असतं तर तिला ते वाजवीच वाटलं असतं. पण महिपतने आपलाच हात पुढे केला. पातं मिटून मुठीतल्या ज्या खाचणीत येतं तिच्यावर त्याने आपलं मधलं बोट आडवं ठेवलं. त्या एका हाताची चांगली उरलेली बोटं, त्यातलं हे सगळ्यांत लांब. "पात्याच्या पाठीवर दाब," तो म्हणाला. "आंगाचा भार टाकून दाब. हलक्या हातानं तपासलेलं दर्यात उपेगी नाय."

राहीने एका हाताने मूठ धरली होती, दुसऱ्या हाताचा तळवा पात्याच्या पाठीवर होता. खाली ते बोट. नखाशी जाळ्याच्या दोऱ्याने पडलेला घट्टा, सांध्यावर जुना चिरा. याच बोटाने तो तिच्या कपाळावरचं पीठ पुसायचा. तो तिच्याकडे पाहत होता, नेहमीसारखं, जरा थट्टेने. तिने ठरवलेलं सगळं तिथेच होतं, तिच्या पोटात, शाबूत. तो जाणार नाही, वारा उठला तरी झोप लागेल, सगळं. फक्त दाबायचं होतं. "थांबा," ती म्हणाली. "आजून एकदा बगते." त्याने बोट काढून घेतलं, काही विचारलं नाही. ती आतून दाभण घेऊन आली, ओटीच्या कडेला उजेडात बसली, पातं अर्धं मिटलं की खाच उघडी पडते तसं केलं, आणि दाभणाचं टोक कोपऱ्यात घातलं. तो कण चिवट निघाला. तिने तो जिद्दीने उकरला, रॉकेलचं बोट लावलं, पुन्हा उकरला, पदराच्या टोकाने पुसला, खाचेचा तळ पांढरा लखलखीत दिसेपर्यंत. तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि कामात ते आडवं येत होतं म्हणून तिला संताप येत होता. मग तिने पातं पुरतं उघडलं. टक.

"आता वाजला," महिपत म्हणाला.

राहीने मान वर केली. तो तसाच बसला होता, भिंतीला टेकून, डोळे मिटून. "म्हंजे मगाशी..."

"मगाशी नव्हता वाजला."

ऐकलं होतं त्याने. कानशीची रेघ तिरकी गेली तर कळणारा कान, त्याला टप आणि टक कळणार नाही, असं तिला वाटलं तरी कसं? "मंग बोट कशाला घातलंत?" ती जवळजवळ ओरडलीच. "एकच हात ऱ्हायलाय तुमचा! डोस्कं फिरलं का? मी दाबलं असतं तर?"

महिपतने डोळे उघडले. "बोट काय मी चाकूच्या भरवशावर घातलं व्हतं?" तो म्हणाला. आणि मग, जमिनीकडे पाहत, "तुला मी हितं हवा हाय ता मला कळतं, राही. मला का कळत नाय? माजं बी हितं काय वाईट चाललं नव्हतं. पन मी जाळी बांधून बांधून म्हातारा व्हायचो आनि तू माज्याकडं बगत ऱ्हायचीस. तू ज्याच्याकडं बगायचीस तो मी नाय ऱ्हायचो." एवढं लांब तो कधी बोलत नसे. बोलून झाल्यावर त्याने उगाच उठून पेटीचं लोंबतं झाकण बसवून पाहिलं. ते बसेना. राहीला त्याच्या पाठीकडे पाहताना आठवलं, परवा रावजी आला तेव्हा ही पाठ कशी सरळ झाली होती. आपण इतके महिने ज्या माणसाच्या प्रेमात कूस बदलून झोपत होतो, तो वाकत चालला होता, आणि आपल्याला ते दिसूनही दिसत नव्हतं.

"हिकडं या," ती म्हणाली. "रिवाज ऱ्हायलाय." तो आला. तिने चाकूची मूठ त्याच्या हातात दिली आणि खाचणीवर आपलं बोट आडवं ठेवलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. "दाबा. हलक्या हातानं नको." महिपतने बाही दुमडलेला डावा हात वर उचलला, त्याचं बोडकं मनगट पात्याच्या पाठीवर टेकवलं आणि वरून आपल्या सबंध देहाचा भार टाकला. त्याचा श्वास तिच्या कपाळाला लागत होता. धारेचा गारवा बोटाला लागेल, आता लागेल, असं वाटून तिने डोळे मिटून घेतले. पातं जागचं हललं नाही. तो आणखी दाबत राहिला, पातं हललं नाही. आणि ते हलत नाही, आता कधी हलणार नाही, याची पुरती खात्री पटली तेव्हा कुठे राहीला रडू फुटलं.